मनगटाचे दुखणे: घरचे उपाय कुठवर आणि डॉक्टर केव्हा?

विळीवर नारळ खोवणे, सुपारी सोलणे, जाळी ओढणे अशी कामे आपल्या किनारपट्टीवर घरोघरी चालतात आणि मनगट धरले की त्यांतले एकही धड होत नाही. दुखणे नेमके कुठे होते, केव्हा वाढत असे आणि कशाने थांबले, ते सविस्तर लिहावे. कोणत्या गोळीने बरे वाटले यापेक्षा वाचणाऱ्याला त्याचा अधिक उपयोग होईल.

गुहागर
मुलीच्या बाळंतपणानंतर नातीला दिवसभर उचलून घेताना माझ्या अंगठ्याच्या मुळापासून मनगटाच्या कडेपर्यंत कळ येऊ लागली. डॉक्टरांनी अंगठा मुठीत धरायला सांगून मनगट करंगळीकडे हलकेच वाकवले, तेव्हा मी ओरडलेच. हा ‘डी क्वेर्वेन’ नावाचा विकार असून एका स्विस शल्यविशारदाने 1895 साली त्याचे वर्णन केले होते. अंगठ्याच्या कंडरांभोवतीचे आवरण जाड होऊन कंडरा आत घासतात, हे त्याचे कारण. अंगठ्यालाही आधार देणारा पट्टा आणि बर्फाचा शेक यांनी मला आराम पडला. काहींना इंजेक्शन घ्यावे लागते. बाळाला काखेत अंगठे घालून उचलण्याऐवजी तळवे खालून घालून उचलावे, ही सूचना मात्र सर्वांत उपयोगी ठरली.

मालवण
मला दिवसा फारसा त्रास नव्हता. रात्री अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर होऊन जाग येई व हात झटकल्यावर बरे वाटे. करंगळीला काहीच होत नव्हते आणि तपासणीत नेमके हेच महत्त्वाचे ठरले, कारण मनगटाच्या बोगद्यात दबणारी नस करंगळीकडे जात नाही. मधुमेह आणि थायरॉइडच्या विकारात हा त्रास अधिक आढळतो, म्हणून रक्तही तपासले. माझी साखर वाढलेली निघाली. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधून झोपतो. अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा खपाटीला जाऊ लागला किंवा हातातून वस्तू निसटू लागल्या, तर थांबू नये, असे मला बजावले आहे.

रत्नागिरी
पावसाळ्यात शेवाळलेल्या जांभ्याच्या पायरीवरून घसरून माझा धाकटा भाऊ तळहातावर पडला. सूज थोडी, बोटे हलत होती, त्यामुळे घरातल्या सर्वांचे मत “मुरगळले आहे, चोळून घ्या” असेच होते. अंगठा ताणल्यावर त्याच्या मुळाशी जो खळगा दिसतो, तिथे बोट टेकवले तरी तो हात मागे घेई, म्हणून आईने चोळू दिले नाही. पहिल्या एक्स-रेमध्ये काहीच दिसले नाही; तरीही डॉक्टरांनी प्लास्टर घालून साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावले आणि तेव्हा स्कॅफॉइड या लहानशा हाडाची चीर स्पष्ट दिसली. या हाडाला रक्तपुरवठा बोटांकडच्या टोकातून होतो, त्यामुळे ते तुटल्यास मागचा तुकडा रक्ताविना निकामी होऊ शकतो. हाडवैद्यांबद्दल मला आदर आहे, पण अशा ठिकाणी हात लावण्याआधी फोटो काढलेला असावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

श्रीवर्धन
मनगटाच्या पाठीवर गाठ आली होती. तिच्यात जेलीसारखा घट्ट द्रव असतो. दुखत नसल्याने काहीही केले नाही आणि ती आपोआप विरली.

अलिबाग (निवृत्त परिचारिका)
पडल्यावर मनगट वाकडे दिसत असेल, बोटे पांढरी अथवा गार पडली असतील, किंवा सांधा लाल व गरम होऊन ताप आला असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. पावसाळ्यात तापासोबत दोन्ही मनगटे धरली तर चिकनगुनिया असू शकतो. परंतु डेंगी नाही हे कळेपर्यंत पॅरासिटामॉलखेरीज अन्य वेदनाशामक गोळी घेऊ नये, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. ताप गेल्यावरही आठवडेच्या आठवडे सकाळी अर्ध्या तासाहून अधिक वेळ मनगटे आखडत असतील, तर संधिवाताची तपासणी करून घ्यावी.