विषय: हरणाच्या पोटातला बाण कसा काढायचा?

आकाशदर्शनवाल्या आईबाबांनो,

मदत हवी आहे. एप्रिलच्या पहिल्या रविवारी घड्याळं तासभर मागे गेली आणि मेलबर्नमध्ये एकदाचा चिऊच्या झोपेआधी अंधार पडायला लागला. अख्खा उन्हाळा मी याचीच वाट बघत होतो! सहा इंची दुर्बीण अंगणात मांडली, वायव्येला मृग दाखवला. हे चार खूर, हा पोटात घुसलेला बाण, आणि वर चमकतोय तो व्याध, त्यानेच मारला.

झालं. "बाबा, बाण काढ ना!" म्हणून जे भोकाड पसरलं! मग स्वतःच आत जाऊन बँडेड घेऊन आली. आता दुर्बिणीच्या नळीवर मधोमध डायनासोरचं बँडेड आहे आणि ते कोणी काढायचं नाही. त्यात किंडरच्या बाईंनी सांगितलंय की ते हरीण नाहीच, सॉसपॅन आहे. आता मी काय सांगू?

– चिऊचा बाबा

---

बाईंचंही बरोबर आहे हो. इथून मृग उलटा दिसतो ना, म्हणून बाणाचे तीन तारे झाले पातेल्याचं बूड आणि जवळचे अंधुक तारे दांडा. इथली सगळी मुलं त्याला सॉसपॅनच म्हणतात. आमच्या जुळ्यांचं यावरून कडाक्याचं भांडण झालं होतं. शेवटी दोघांनी मिळून ठरवलं की त्या पातेल्यात हरणासाठी खीर शिजतेय. तेव्हापासून घरात शांतता आहे.

आणि टॉर्चला लाल जिलेटिन लावा. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि बँडेड शोधायला पांढरा दिवा लावला की सगळं मुसळ केरात.

– जुळ्यांची आई

---

अरे, पोरीला जरा आग्नेयेकडे वळव. त्रिशंकू, म्हणजे तो क्रॉससारखा तारकासमूह, सापडला की त्याच्या खाली दोन ठळक तारे दिसतील, मित्र आणि मित्रक. त्रिशंकूपासून लांबचा, जास्त तेजस्वी तो मित्र. पुण्याला मे महिन्यात गच्चीवरून पाहायचो, तेव्हा बिचारा क्षितिजाला टेकलेला असायचा. इथे तो मावळतच नाही.

अंतर सुमारे ४.३ प्रकाशवर्षं. चिऊ सव्वाचार वर्षांची ना? म्हणजे आज दिसतो तो उजेड तिच्या जन्माच्या सुमाराला तिकडून निघालाय. सांग तिला, तुला भेटायला आलाय म्हणून.

– काका

---

काका, सांगितलं. बराच वेळ गप्प बसून बघत राहिली. मग म्हणाली, "एवढ्या लांबून आलाय, त्याला भूक लागली असेल."

अर्धी पोळी, तूप-साखर लावून, गुंडाळी करून कुंपणावर ठेवली. सकाळी पोळी गायब! पॉसमने (इथला रात्री फिरणारा प्राणी) नेली हे आम्हा दोघांना कळलं, पण चिऊ घरभर नाचत होती, "मित्र जेवून गेला!"

आज संध्याकाळी अख्खी पोळी ठेवायची आहे. मित्रकाचीही सोय बघायला सांगितलंय.

– चिऊचा बाबा