ड्रग माफियांच्या मालिका : आपण नेमके कोणाच्या बाजूने असतो?

रानवाट :
'नार्कोस' ही कोलंबियातला ड्रग माफिया पाब्लो एस्कोबारवरची मालिका दुसऱ्यांदा लावली आणि पहिल्याच सीझनमध्ये बंद केली. एस्कोबार पोलिसांच्या हातून निसटताना मी मनात 'सुटू दे' म्हणत होते. स्वतःचीच शिसारी आली. २७ नोव्हेंबर १९८९ ला त्याच्या टोळीने आव्हियांका या कोलंबियन कंपनीचं प्रवासी विमान बॉम्बने उडवलं. विमानातले १०७ आणि जमिनीवरचे ३ जण गेले. मालिकेत बॉम्ब घेऊन चढणाऱ्या पोराला चेहरा आहे, बायको-मूल आहे. बाकीचे फक्त आकडा. हे उदात्तीकरणच आहे.

कंदील :
अजिबात पटलं नाही. तुम्हाला शिसारी आली, म्हणजे मालिकेने तुम्हाला आत ओढलं आणि मग हलवलंही. एस्कोबारने त्याच्या मेदेयीन शहरातल्या गरिबांना घरं बांधून दिली, १९८२ मध्ये निवडणूक जिंकून संसदेत पोचला. नुसता राक्षस दाखवला असता तर लोक त्याच्यामागे का गेले ते कळलं असतं का?

रानवाट :
@कंदील, ती घरं सगळ्यांना तोंडपाठ आहेत हो. 'एल एस्पेक्तादोर' वृत्तपत्राचे संपादक गिय्येर्मो कानो किती जणांना ठाऊक आहेत? एस्कोबारविरुद्ध लिहीत राहिले म्हणून १९८६ मध्ये मारेकऱ्यांनी त्यांना कचेरीबाहेर गाठलं. त्याआधी १९८४ मध्ये न्यायमंत्री लारा बोनियांना मारलं.

दुर्बीण :
कानोंचं नाव निघालं म्हणून सांगतो. २०१२ मध्ये कोलंबियातच एस्कोबारवर मालिका आली, तिच्या निर्मात्यांपैकी एक कामिलो कानो, म्हणजे याच संपादकांचा मुलगा. दुसऱ्या निर्मात्या हुआना उरिबे. त्यांच्या आईचं एस्कोबारने अपहरण करवलं होतं. ज्यांच्या घरात घाव बसला त्यांनी बनवली, तरी नाव दिलं 'एस्कोबार'चंच! इकडे मेदेयीनने २०१९ मध्ये एस्कोबारची राहती मोनाको इमारत पाडली आणि तिथे बळींचं स्मारक उभारलं. मला शहराचं जास्त पटतं.

शिळोप्याचं :
सगळे एस्कोबारवरच अडकलात. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरातल्या ड्रग टोळ्या आणि पोलिसांवरची 'द वायर' मालिका बघा. पहिल्या सीझनमध्ये टोळीवाले पेजरवर सांकेतिक नंबर पाठवतात. ते फोडणारा पोलीस हातघाईत कुचकामी, पण शांत बसवला की हुशार. फोनच्या बटणांवर ५ ओलांडून समोरचा आकडा घ्यायचा : १ चा ९, २ चा ८, ५ आणि ० ची अदलाबदल. बस्स! गोळी न झाडता मिळालेला एवढा थरार मला दुसरीकडे सापडला नाही. आणि पोलिसांनी फोन चोरून ऐकायला टॅप लावला तरी वाटेल ते ऐकता येत नाही. बोलणं गुन्ह्याशी संबंधित नसेल तर ऐकणं थांबवायचं. असा कंटाळवाणा तपास दाखवायला धाडस लागतं. लिहिणाऱ्यांत डेव्हिड सायमन गुन्हेवार्ताहर होते आणि एड बर्न्स डिटेक्टिव्ह, ते पदोपदी जाणवतं.

कंदील :
@शिळोप्याचं, हे मान्य. पण एस्कोबारच्या शोधातही असा माणूस होता. त्याला पकडायला नेमलेल्या पोलीस पथकाचे, सर्च ब्लॉकचे प्रमुख कर्नल ह्यूगो मार्तिनेस, आणि त्यांचा त्याच नावाचा लेफ्टनंट मुलगा. रेडिओचा माग काढणारं यंत्र घेऊन तो गल्ल्या पालथ्या घालायचा. २ डिसेंबर १९९३ ला एस्कोबार स्वतःच्या मुलाशी फोनवर बोलत होता. यंत्राच्या काट्यामागे जाता जाता या लेफ्टनंटला एस्कोबार खिडकीत दिसला. बाप-मुलाचं बोलणं, आणि ते ऐकत दारापर्यंत आलेला दुसऱ्या बापाचा मुलगा. माफियाच्या कथेतच हे सापडतं ना?

रानवाट :
सापडतं, पण शेवटच्या एपिसोडच्या कोपऱ्यात. त्या लेफ्टनंटवर कोणी मालिका काढली तर मी पहिल्या रात्रीच बघेन. पाब्लो त्यात खिडकीत दिसतो तेवढाच असू दे.