लेथवर पहिला वाडगा: दोनच ठिकाणी लाकूड उपटल्यासारखं का होतं? मदत हवी आहे

लेथवर, म्हणजे लाकूड फिरवणाऱ्या यंत्रावर, कातायला नुकती सुरुवात केली आहे. शिकवणारं जवळ कुणी नाही. वाचून, व्हिडिओ बघून आणि हाताने करून जेवढं कळतं तेवढं. सुरुवातीला लांबट वस्तूच केल्या. चौकोनी काठ्या गोल करून त्यांवर फुगीर वळ्या आणि खोलगट खाचा काढण्याचा सराव, मग कानशींना मुठी, सुतारकामाची एक मोगरी, मुलांसाठी भोवरे. स्पिंडल गाऊज (लांबट वस्तू कातायचं, पन्हळीसारखं खोलगट पात्याचं हत्यार) आता हातात बसू लागलं आहे. हत्यार आधी रेस्टवर (लाकडासमोरच्या आधाराच्या पट्टीवर) टेकवायचं, मग धारेमागचा उतार फिरत्या लाकडावर घासू द्यायचा आणि मूठ हळूहळू वर उचलत धार लाकडाला भिडवायची, हा क्रम आता मुद्दाम आठवावा लागत नाही. मोगरीचा दांडा तर पॉलिशपेपर न लावताही हाताला गुळगुळीत लागतो. त्याचा आनंद फार मोठा आहे.

आता वाडगा करायला घेतला आहे आणि इथे अडलो आहे.

लाकूड पूर्ण वाळलेलं आहे. फळीतून कापलेली ८ इंच व्यासाची, ३ इंच जाडीची चकती आधी फेसप्लेटवर (लेथच्या फिरत्या टोकावरच्या धातूच्या तबकडीवर) स्क्रूने धरली. बाहेरचा आकार बाऊल गाऊजने (वाडग्यासाठीच्या गाऊजने) काढला, तळाला चकमध्ये (लेथच्या जबड्यांच्या पकडीत) धरण्यापुरतं टेनन, म्हणजे गोल खुंट, ठेवलं, मग चकती उलटून चकमध्ये बसवली आणि आतून पोखरायला घेतली.

बाहेरच्या अंगाला समोरासमोर दोन पट्टे खरखरीत राहतात. तिथले तंतू कापले गेलेले नाहीत, उपटले गेलेत असं दिसतं. मधला भाग मात्र छान. गाऊजला धार लावून पुन्हा एक हलका हात फिरवला तर पट्टे कमी होतात, जात नाहीत. ८० नंबरच्या पेपरने तेवढाच भाग घासत बसलो तर आजूबाजूचं लाकूड आधी झिजतं आणि गोलाई बिघडते.

दुसरी अडचण आतल्या बाजूला. काठापासून खाली येताना काप सुरेख चालतो, पण भिंत संपून तळ सुरू होतो त्या वळणावर गाऊज एकदम अडकतं, झटका बसतो आणि खोल ओरखडा पडतो.

तेच यंत्र, तोच हात, तशीच धार. मग काठीवर निमूट कापलं जाणारं लाकूड वाडग्यात का उपटतं? नुसता उपाय नको, कारण समजून घ्यायचं आहे, म्हणजे पुढच्या वेळी लाकूड वेगळं असलं तरी स्वतः विचार करता येईल. शिवाय वेग सध्या मिनिटाला ८०० फेऱ्यांच्या आसपास ठेवतो, तो ठीक आहे का? आणि वाडगा बाजूला ठेवून आधी स्क्यू चिझलवर (तिरप्या धारेच्या सपाट पटाशीवर) हात बसवावा का, हेही सांगा.

प्रतिसाद १

पट्टे दोनच आहेत आणि समोरासमोर आहेत, हे तुम्ही टिपलंत त्यातच उत्तर आहे.

लाकूड म्हणजे काड्यांची घट्ट बांधलेली जुडी समजा. काठी कातताना जुडी लेथच्या अक्षाला समांतर असते, म्हणून हत्याराला सगळीकडून काड्यांचं अंगच लागतं. फळीतून कापलेल्या चकतीत मात्र काड्या अक्षाला आडव्या असतात. त्यामुळे एका फेरीत हत्यारासमोर दोनदा काड्यांचं अंग येतं आणि दोनदा टोकं. टोकांच्या बाजूला ज्या तंतूला मागून आधार नाही तो कापला जाण्याआधी वाकतो आणि मुळाशी तुटतो. तेच तुमचे पट्टे.

यावरून कापायची दिशा ठरते. काठीवर आपण जाड भागाकडून बारीक भागाकडे जातो. वाडग्याच्या बाहेरून नेमकं उलट: तळाकडून काठाकडे, म्हणजे लहान व्यासाकडून मोठ्याकडे. असं गेलं की कापल्या जाणाऱ्या प्रत्येक तंतूच्या मागे त्याहून लांब तंतू आधाराला असतो. आतून मात्र काठाकडून मध्याकडे. तुम्ही बाहेरचा आकार कोणत्या दिशेने काढलात ते लिहिलेलं नाही. काठीची सवय हातात असली की बहुतेक जण नकळत काठाकडून तळाकडे येतात.

दिशा बरोबर असूनही थोडे पट्टे राहतातच, विशेषतः हलक्या, भुसभुशीत लाकडात. शेवटच्या हाताआधी गाऊजला नव्याने धार लावा, अर्धा मिलिमीटरच लाकूड घ्या आणि हत्यार अगदी सावकाश पुढे सरकवा. तरीही राहिलं तर त्या जागी थोडं पाणी किंवा सँडिंग सीलर (घासण्याआधी लावायचा, सुकून कडक होणारा पातळ लेप) लावा. पाण्याने दबलेले तंतू उभे राहतात, सीलर सुकल्यावर त्यांना ताठ धरतो. त्यानंतर गाऊजची पन्हळ जवळजवळ लाकडाकडे वळवून, मूठ बरीच खाली धरून, धार तिरपी ठेवून नुसतं खरवडा. भुसा कापसासारखा हलका निघाला की जमलं. पेपर त्यानंतर, आणि तोही पूर्ण वाडग्याला सारखाच. नुसत्या पट्ट्यांवर जोर दिलात तर गोलाई जाणारच.

प्रतिसाद २

एवढा त्रास कशाला? कार्बाइडची टीप असलेलं हत्यार घ्या. मूठ आडवी सरळ धरायची, टीप मध्यरेषेवर ठेवायची, ढकलायचं. उतार टेकवायची भानगड नाही, धार लावायची नाही. बोथट झाली की टीप थोडी फिरवायची.

प्रतिसाद ३

कार्बाइड वाईट नाही, पण तसं धरलं की ते मुळात खरवडणारं हत्यार आहे. विचारणाऱ्याची तक्रार तंतू उपटण्याचीच आहे, आणि ती त्याने वाढेल.

आतल्या झटक्याबद्दल. वळण आवळत जातं तशी उताराची मागची कड, म्हणजे टाच, लाकडाला लागते आणि धारेलगतचा उतार लाकडापासून सुटतो. आधार गेला की धार स्वतःच लाकडात घुसते. दोन गोष्टी करा. टाच थोडी घासून गोल करा, म्हणजे धारेमागचा उतार आखूड होईल. आणि वळणासाठी व तळासाठी शक्य असेल तर ६० अंशांच्या आसपास उतार असलेलं वेगळं बाऊल गाऊज ठेवा. ४० ते ४५ अंशांचं गाऊज खोल वाडग्यात वळणावर टेकतच नाही. रेस्टसुद्धा आत सरकवत राहा. हत्यार रेस्टच्या पुढे जितकं लांब, तितका हाताचा ताबा कमी.

वेग: व्यास इंचांत घेऊन फेऱ्यांशी गुणा, उत्तर ६००० ते ९००० च्या दरम्यान यावं असा जुना ठोकताळा आहे. ८ इंचांना ७५० ते ११२५, म्हणजे तुमचे ८०० बरोबर आहेत. पण हा हिशेब तोल साधलेल्या लाकडाचा. ओबडधोबड चकती सर्वांत कमी वेगावर सुरू करा, आणि लेथ थरथरू लागला की ठोकताळा विसरून वेग उतरवा.

टेननही तपासा. झटका बसतो तेव्हा पहिला तडा तिथेच जातो. व्यास वाडग्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी नको, आणि त्याची उंची अशी हवी की ते चकच्या बुडाला टेकणार नाही. वाडग्याचा खांदा, म्हणजे टेननभोवतीची सपाट कड, जबड्यांच्या तोंडावर बसला पाहिजे.

प्रतिसाद ४

कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. काठी गोल करायचं स्पिंडल रफिंग गाऊज वाडग्याला कधीही लावू नका. मुठीत जाणारी त्याची पट्टी अरुंद असते, आडव्या तंतूंच्या झटक्याने ती मोडू शकते. साधा चष्मा पुरत नाही, पूर्ण चेहरा झाकणारी ढाल हवी. लेथ सुरू करण्याआधी लाकूड हाताने एक फेरी फिरवून बघा, आणि सुरू करताना फिरणाऱ्या कडेच्या सरळ रेषेत उभे राहू नका. हातमोजे नकोत, पूर्ण बाह्याही नकोत. पेपर लावताना रेस्ट काढून ठेवा. मास्क तर हवाच: लाकडाच्या धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे.

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. तळाकडून काठाकडे गेलो आणि फरक लगेच दिसला. एका बाजूचा पट्टा जवळजवळ गेला, दुसऱ्या बाजूला हलका राहिला आहे, तिथे सीलर लावून सुकायला ठेवलं आहे. टाचही घासली, वळणावर आता झटका नाही, फक्त तिथे हात सावकाश न्यावा लागतो. आता एकच विचारायचं आहे. नुकत्याच पाडलेल्या झाडाचा एक ओंडका मिळतो आहे. ओलं लाकूड नवशिक्याने घ्यावं का?

प्रतिसाद १

जरूर घ्या. ओलं लाकूड कापायला फार सोपं जातं आणि धार जास्त वेळ टिकते. आजच ओंडक्याच्या दोन्ही टोकांना मेण किंवा जाड रंग फासा, नाहीतर तिथून पाणी भरभर उडून भेगा पडतील. कातायला घेताना तो मधोमध उभा चिरा आणि गाभ्याचा भाग काढून टाका. गाभा वाडग्यात राहिला तर तडा हमखास. पहिल्यांदा नुसता जाडसर आकार काढा, भिंत व्यासाच्या एक दशांश ठेवा. १० इंचांच्या वाडग्याला १ इंच. मग तो कागदी पिशवीत, ओल्या भुशासकट, वारा लागणार नाही अशा जागी ठेवा. दर आठवड्याला वजन करून त्यावरच पेन्सिलीने लिहा. वजन उतरायचं थांबलं की वाळला. तोपर्यंत तो लंबगोल झालेला असेल, जाडी ठेवायची ती त्यासाठीच.

वाट बघण्याच्या काळात स्क्यू हातात घ्या. लांब टोक लाकडापासून वर ठेवा आणि धारेच्या मध्याच्या किंचित खालच्या भागाने कापा. काप वरच्या टोकाकडे सरकला की झटका बसतो.

वाडगा दुसऱ्यांदा चकमध्ये धरण्याआधी त्याचं टेनन पुन्हा गोल करून घ्या. वाळताना तेही लंबगोल झालेलं असतं. तोंडाच्या बाजूने चकवर टेकवून टेलस्टॉकने (लेथच्या दुसऱ्या टोकाच्या सरकत्या आधाराने) तळाला दाब द्या आणि तेवढंच आधी कातून घ्या.