पावसाळ्यात नायलॉनच्या नमुन्यांची ताणशक्ती घटते: दोष फॉर्म्युलेशनचा की चाचणीचा?

प्रश्न (लघुउद्योजक, हिंगणा एमआयडीसी)

नमस्कार. आमच्या कारखान्यात नायलॉन 6 मध्ये 30 टक्के ग्लास फायबर मिसळून कंपाउंड तयार होते आणि एका ग्राहकाकडे त्यापासून पंपाचे ब्रॅकेट बनतात. मे महिन्यात मोल्ड केलेल्या डंबेलची (ओढून तपासायच्या, मध्ये निमुळत्या नमुन्याची) ताणशक्ती, म्हणजे तुटण्यापूर्वी पेललेला कमाल ताण, 170 मेगापास्कलच्या वर आली होती. ऑगस्टमध्ये त्याच फॉर्म्युलेशनचे, त्याच मशीनवर काढलेले नमुने 130 च्या आसपासच तुटले आणि ग्राहकाने माल परत करण्याची भाषा सुरू केली. आम्ही फायबरचा पुरवठादार बदलला, नंतर इम्पॅक्ट मॉडिफायर (आघात सोसण्यासाठी मिसळायचा घटक) कमी केला, तरी आकडे वर येत नाहीत. नेमके काय चुकते आहे हे कोणत्या चाचणीने कळेल?

उत्तर 1 (साहित्य चाचणी प्रयोगशाळा, बुटीबोरी)

फॉर्म्युलेशनला हात लावणे कृपया तूर्त थांबवावे, कारण आपण वर्णन केलेली घट ही नायलॉन आणि पाणी यांच्या नात्याची ओळखीची खूण आहे. नायलॉनच्या साखळ्या एकमेकींना अमाइड गटांमधील हायड्रोजन बंधांनी धरून ठेवतात. हवेतील बाष्प आत शिरले की पाण्याचे रेणू त्या बंधांच्या मध्ये येतात, साखळ्या सैल होतात आणि पदार्थ मऊ पण चिवट बनतो. 30 टक्के ग्लास असलेला नायलॉन 6 हा 23 अंश सेल्सिअस आणि 50 टक्के आर्द्रतेला साधारण 2 टक्के पाणी धरतो, आणि तेवढ्याने त्याची ताणशक्ती 180 वरून 110 मेगापास्कलच्या आसपास उतरू शकते. उत्पादकांच्या डेटाशीटमध्ये एकाच गुणधर्मासमोर कोरड्या आणि कंडिशन केलेल्या (ठरलेल्या आर्द्रतेत ठेवून पाणी शोषू दिलेल्या) नमुन्यांचे दोन वेगळे आकडे असतात, ते याचसाठी. नागपूरच्या मे महिन्यात डंबेल उघड्यावर ठेवले तरी बरेचसे कोरडे राहते. ऑगस्टमध्ये काही दिवस तसेच राहिले तर दुसरेच साहित्य हाती लागल्यासारखे वाटते.

मात्र याच पाण्याचा दुसरा, खरोखर घातक परिणाम वेगळा ओळखता आला पाहिजे. दाणे ओले असताना मोल्डिंग झाले, तर बॅरलमधील (मोल्डिंग मशीनच्या तापत्या नळीतील) तापमानाला पाणी साखळ्या तोडते आणि ते नुकसान कायमचे असते. म्हणूनच मोल्डिंगपूर्वी दाण्यांतील पाणी 0.2 टक्क्यांच्या खाली आणावे लागते. दोन्ही प्रकारांत ताणशक्ती कमी दिसते, पण पहिल्यात माल निर्दोष असतो आणि दुसऱ्यात तो वाया गेलेला असतो. फरक ओळखण्याची रीत सोपी आहे: ऑगस्टच्या डंबेलांपैकी पाचांचे अचूक वजन करून ते 80 अंशांना व्हॅक्यूम ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवावेत (4 मिलिमीटर जाडीला यासाठी काही दिवस लागतात, घाई करू नये) आणि मग ओढून पाहावेत. ताकद परत आली तर ते शोषलेले पाणी होते; परत आली नाही तर आधी हॉपर ड्रायर (मोल्डिंगपूर्वी दाणे वाळवणारे यंत्र) तपासावा.

उत्तर 2 (प्लास्टिक अभियंता, नागपूर)

वरील उत्तराशी पूर्ण सहमत आहे. आपल्या चाचणीच्या खोलीविषयी मात्र विचारावेसे वाटते. उन्हाळ्यात तिथे कूलर लावला असेल तर बाहेर कोरडे ऊन असूनही खोलीतील आर्द्रता बरीच वाढलेली असते, आणि कूलर नसेल तर यूटीएमवरचा (नमुना ओढणाऱ्या चाचणी यंत्रावरचा) नमुना 40 अंशांना ओढला जातो. प्रमाणित वातावरण 23 अंशांचे आहे, आणि कोरड्या नायलॉन 6 चे काच-संक्रमण तापमान (ज्याच्या वर ते कडकपणा सोडून मऊ होते) 50 ते 60 अंशांच्या दरम्यान असल्यामुळे 40 अंश त्याच्या फार जवळ जातात. शिवाय मॉड्युलस (पदार्थाचा ताठपणा) क्रॉसहेडच्या, म्हणजे यंत्राच्या सरकत्या आडव्या भागाच्या, हालचालीवरून काढत असाल तर तो आकडा विश्वासार्ह नाही, कारण जबड्यांतील सरकणे आणि मशीनची स्वतःची लवचिकता त्यात मिसळते. आयएसओ 527 या ताण-चाचणीच्या मानकाप्रमाणे 0.05 ते 0.25 टक्के विकृतीमधील (लांबीतील वाढीमधील) ताणाच्या आलेखाचा उतार हवा असतो, आणि इतक्या सूक्ष्म हालचालीसाठी एक्स्टेन्सोमीटर (नमुन्यावरच लांबी मोजणारे उपकरण) अपरिहार्य आहे.

उत्तर 3 (गुणवत्ता विभाग, वाहनांचे सुटे भाग)

ग्राहकाची प्रयोगशाळा डंबेल तपासते की ब्रॅकेटमधून कापलेली पट्टी, हे आधी विचारून घ्यावे. डंबेलमध्ये बहुतेक तंतू ओढण्याच्या दिशेने पडतात, ब्रॅकेटमध्ये ते वाटेल तसे वळतात आणि वेल्ड लाइनवर (साच्यात वितळलेल्या प्लास्टिकचे दोन प्रवाह मिळतात तिथे) तर जोडाला जवळजवळ केवळ नायलॉनच सांभाळतो; त्यामुळे दोन्ही आकड्यांची तुलना न्याय्य नाही. नमुना मोल्ड केल्याबरोबर ॲल्युमिनियमच्या थैलीत सीलबंद करावा, आणि अहवालावर «मोल्ड केल्यानंतर कोरडा» की «आयएसओ 1110 नुसार कंडिशन केलेला» हे लिहिल्याशिवाय सही करू नये.

प्रश्नकर्ता (नऊ दिवसांनी)

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे ऑगस्टच्या तीन बॅचचे नमुने वाळवले. दोन बॅचची ताणशक्ती पुन्हा 165 च्या वर गेली. म्हणजे पुरवठादार आणि मॉडिफायर बदलण्याची धावपळ अनाठायी होती, आणि ते फॉर्म्युलेशन आम्ही पूर्ववत केले आहे. तिसरी बॅच वाळवूनही 140 च्या पुढे गेली नाही आणि तिच्या नमुन्यांवर चंदेरी रेषाही (ओल्या दाण्यांची खूण) दिसतात. त्या दिवशी ड्रायरचा हीटर बंद पडल्याची नोंद आता सापडली. ती बॅच आम्ही स्वतःहून परत मागवत आहोत, आणि उरलेल्या दोन बॅचचे सीलबंद नमुने ग्राहकाकडे कोरड्या स्थितीच्या उल्लेखासह आजच पाठवले आहेत.