‘रिंगू’ची नवी ब्लू-रे : दर्जा कशाशी ताडून ठरवायचा?

काळा चौकोन :
हिदेओ नाकाता यांच्या ‘रिंगू’ या जपानी भयपटाबद्दल (1998) ‘रात्रपाळी’ यांनी गेल्या आठवड्यात लिहिले, की मूळ निगेटिव्हवरून (चित्रीकरणाच्या मूळ फिल्मवरून) केलेल्या 4के, म्हणजे अतिशय बारीक तपशिलाच्या, पुनरुद्धारात हा चित्रपट इतका धुऊन काढला आहे की त्यातली भीतीही वाहून गेली, आणि त्याची खरी प्रत म्हणजे चार हात फिरलेली कॅसेटच. या वाक्यावर बऱ्याच जणांनी माना डोलावल्या, म्हणून सविस्तर लिहिणे भाग पडले.

प्रतीचा दर्जा निगेटिव्हवर जे होते त्याच्याशी ताडायचा असतो, आपल्या आठवणीतल्या कॅसेटशी नव्हे. ‘रिंगू’मधली शापित टेपसुद्धा (जी पाहणारा सात दिवसांत मरतो) 35 मिमी फिल्मवर चित्रित झाली आणि मग संगणकाच्या साहाय्याने तिच्यावर मुद्दाम खरखर चढवली गेली. खरखर कुठे असावी आणि कुठे नसावी, हे करणाऱ्यांनी ठरवून केलेले आहे. विहिरीचे दृश्य टीव्हीच्या पडद्यावर खरखरीत दिसते, पण सादाको, म्हणजे त्या टेपमागचे भूत, काचेतून बाहेर येते तेव्हा ती खरखर मागेच राहते आणि सादाको नायिकेच्या पूर्वीच्या नवऱ्याच्या, र्‍युजीच्या खोलीतल्या साध्या, स्वच्छ उजेडात सरपटत असते. सगळा चित्रपटच खरखरीत असेल, तर ती कुठून कुठे आली हे प्रेक्षकाला कळणार कसे?

फोटोंचेही तेच. ज्यांनी टेप पाहिली त्यांचे चेहरे फोटोत फिस्कटलेले येतात, आणि र्‍युजीने काढलेल्या पोलरॉइडमध्ये रेइकोचा, म्हणजे टेपचा शोध घेणाऱ्या पत्रकार नायिकेचा, चेहरा तसा दिसतो तेव्हा आपल्याला धक्का बसावा अशी अपेक्षा आहे. कॅसेटवर सगळ्यांचेच चेहरे सदासर्वकाळ फिस्कटलेले असतात. 2019 साली ॲरो व्हिडिओ या कंपनीने काढलेल्या प्रतीला छायाचित्रकार जुनिचिरो हायाशी यांनी स्वतः मान्यता दिली आहे. ज्याने उजेड लावला त्याच्यापेक्षा आपली आठवण मोठी मानायची का?

रात्रपाळी :
माझे एक वाक्य उचलून मला अडाणी ठरवण्यापूर्वी आपण थोडा विचार करायला हवा होता. जिवंत राहायचे असेल तर टेपची नक्कल करून ती दुसऱ्याला दाखवायची, या अटीवर हा चित्रपट उभा आहे. नकलेची नक्कल होत जाणे हाच ज्याचा विषय, त्याची नकलेची नक्कल पाहणे हा अपघात नसून तेच त्याचे योग्य रूप आहे, असे मी आजही म्हणतो.

2002 साली पुण्यात आम्ही चौघे एका खोलीत राहत होतो. मित्राने कुठूनशी मिळवलेली कॅसेट 14 इंची टीव्हीवर लावली. मधेच ट्रॅकिंग बिघडून पडद्याच्या खालच्या बाजूला पांढरे पट्टे यायचे आणि ते चित्रपटातले आहेत की आमच्या व्हीसीआरचे, हे कोणालाच सांगता येत नव्हते. चित्रपट संपला, पडद्यावर मुंग्या आल्या, आणि उठून कॅसेट बाहेर काढायला चौघांपैकी एकही तयार होईना. ती तशीच शेवटापर्यंत फिरली आणि आपोआप मागे गुंडाळली जाऊ लागली, तेव्हा त्या आवाजाने आम्ही दचकलो. हा अनुभव आपली हायाशी-मान्य तबकडी मला देऊ शकत नाही.

ध्वनिवेडा :
दोघेही फक्त चित्राबद्दल बोलत आहात. जुन्या पाल (युरोप-भारतातली टीव्ही-पद्धत) डीव्हीडींवर सेकंदाला 24 चौकटींचा चित्रपट 25 च्या वेगाने पळवला जायचा, त्यामुळे सुमारे 96 मिनिटांचा चित्रपट चार मिनिटे आधीच संपायचा आणि, सुधारणा केलेली नसेल तर, आवाजाची पट्टीही चढायची. केंजी कावाई यांचे संगीत आणि टेप पाहिल्यावर वाजणारा तो टेलिफोन वर्षानुवर्षे चुकीच्या स्वरात ऐकून लोक जुन्या प्रतीचे गोडवे गातात, याचे मला वाईट वाटते. शिवाय ब्लू-रे तबकड्या जगाच्या ठरावीक विभागातच चालतात, तो जाच आहेच. भारत ‘सी’ विभागात मोडतो, आणि मी मागवलेली ‘बी’ विभागाची तबकडी विक्रेत्याने बिनदिक्कत ‘चालेल’ म्हणून सांगूनही माझ्या प्लेअरने घेतली नाही.

वेंगुर्ल्याचा :
चित्र आणि आवाज यांवर वाद घालणाऱ्यांपैकी एकानेही उपशीर्षकांचे नाव घेतले नाही. टेपमधले ते वाक्य (‘शोमोन बाक्कारी…’) ओशिमा बेटाच्या बोलीतले आहे. जपानी प्रेक्षकालाही ते एकदम कळत नाही, आणि त्या बोलीच्या मागावरच रेइको आणि र्‍युजी ओशिमाला पोहोचतात. इंग्रजी उपशीर्षकांत त्याचे सफाईदार यमक जुळवलेले बडबडगीत होऊन बसले. ज्याला मूळ वाक्य परके वाटायला हवे त्याला ते पाठ होण्याइतके सोपे करून दिले, आणि ही चूक कोणत्याही 4के पुनरुद्धाराने दुरुस्त होणारी नाही.

काळा चौकोन :
यमकामुळे ते वाक्य लक्षात राहते आणि पुढे त्याचा अर्थ उलगडतो तेव्हा प्रेक्षकाला ते आठवते, हा फायदा आपण विचारात घेतलेला नाही. शब्दशः ‘सारखा पाण्यात खेळत राहिलास तर भूत येईल’ असे लिहिले असते, तर कोणाच्या लक्षात राहिले असते?

वेंगुर्ल्याचा :
माझ्या लक्षात राहिले असते, कारण मी तेच ऐकत मोठा झालो. तिन्हीसांजेला पाण्यातून बाहेर आलो नाही, की आजी किनाऱ्यावरून ओरडायची, ‘पाण्यात खेळत ऱ्हवलंस तर गिरो व्हरतलो!’ ओशिमातल्या आया आणि आमची आजी एकाच भीतीने मुलांना घरात आणत होत्या. मराठीत उपशीर्षके करायची झाली तर तेवढे एक वाक्य मालवणीत ठेवावे आणि घाटावरच्या प्रेक्षकाला ते कळू नये. मूळ परिणाम तोच आहे.

ध्वनिवेडा :
गिरो कसा? समुद्राच्या बाबतीत देवचार म्हणायला हवे.

वेंगुर्ल्याचा :
देवचार वाट दाखवतो, राखण करतो. पाण्यात ओढून नेतो तो गिरोच. ज्या गावच्या भुतांची माहिती नाही, त्यांच्यावर मत देऊ नये.

काळा चौकोन :
आवाज चढवण्याचे कारण नाही. बोलीची कल्पना मला पटली, आणि उपशीर्षके हा प्रतीच्या दर्जाचाच भाग आहे, हे मी सुरुवातीला लिहायला हवे होते. यमकाबद्दलचे माझे मत मात्र बदललेले नाही.

रात्रपाळी :
काल रात्री मित्राकडे ती ब्लू-रे पाहिली. शेवटाकडे बंद टीव्हीच्या काचेत टेपमधल्या, डोक्यावर कापड घेतलेल्या त्या माणसाचे प्रतिबिंब दिसते आणि तो टेपकडे बोट दाखवतो. माझ्या कॅसेटवर त्या जागी निव्वळ काळा डाग होता, त्यामुळे रेइकोला नक्कल करण्याचे कसे सुचते, हे मला इतकी वर्षे नीट कळलेच नव्हते. ही गोष्ट मला कबूल करावी लागते, आणि ती करताना आनंद होत नाही.

पण तबकडी संपल्यावर लगेच मेन्यू आला, त्यावर संगीत वाजू लागले, आणि मित्राने रिमोटने टीव्ही बंद केला. कोणालाही उठावे लागले नाही.