एम मोडवर बगळा पांढराफट्ट येतो त्याबद्दल
फोटोत बगळा पांढराफट्ट येतोय म्हणून तुम्ही एम मोड, म्हणजे सगळं आपल्या हाताने ठरवायचा मॅन्युअल मोड, सोडून द्यायला निघालात दादा, पण उलट बगळ्यासाठीच एम मोड शिकावा असं मला मनापासून वाटतं. होतं काय, कॅमेऱ्याचं उजेड मापणारं मीटर समोर दिसेल ते मध्यम राखाडी धरून चालतं, त्यामुळे भाताचं गडद हिरवं खाचर फ्रेमभर असलं की त्याला वाटतं उजेड कमी आहे, मग एक्स्पोजर, म्हणजे फोटोत घेतला जाणारा उजेड, वाढतं आणि पिसं जळतात, म्हणजे नुसती पांढरी होऊन त्यातले बारकावे जातात, आणि तोच बगळा उडून उजळ आभाळावर आला की लगेच काळपट. ऊन मात्र तेवढंच असतं ना! म्हणून मापायचं ते ऊन, बॅकग्राउंड नाही.

मी सकाळच्या स्वच्छ उन्हात एफ ८ (लेन्सचं छिद्र), आयएसओ ४०० (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ते), शटर १/१६०० सेकंद इथून सुरुवात करते, एक फोटो काढून हायलाइट वॉर्निंग (जळालेला भाग स्क्रीनवर लुकलुकतो ती) बघते, पिसांवर लुकलुकलं की शटर १/२००० नाहीतर १/२५००, बास, मग ढग येईपर्यंत काही हलवायचं नाही. हिरवळ जरा गडद येते, येऊ द्या, रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) ती नंतर उजळ करता येते, पार जळालेली पिसं नाही येत परत.

आणि ऑटो आयएसओ, म्हणजे कॅमेरा आपणहून आयएसओ बदलतो ती सोय, बंद आहे का ते आधी बघा. शटर बदललं तरी फोटो तेवढाच उजळ येतो म्हणालात ना, ते त्याचंच लक्षण, डायल एमवर असली तरी उजेड किती ते कॅमेराच ठरवतोय. ते बंद करा आणि परत त्याच खाचरावर जा.