पासवर्ड भक्कम, फोल्डर उघडा
कुणीतरी 'पासवर्ड भक्कम असला की बॅकअप सुरक्षित' म्हटलंय, ते अर्धंच खरं. इथं बेळगावात उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीच्या ऑफिसात बॅकअपचं सॉफ्टवेअर थेट सी ड्राइव्हवर वेगळ्या फोल्डरात टाकलेलं पाहिलं. सॉफ्टवेअरची नेहमीची जागा म्हणजे 'प्रोग्रॅम फाइल्स' फोल्डर, त्यात साध्या युजरला लिहिता येत नाही. सी ड्राइव्हवरच्या नव्या फोल्डरात मात्र विंडोज सहसा लॉगिन केलेल्या कुणालाही बदल करू देतं. आणि बॅकअपची सर्व्हिस, म्हणजे मागे आपोआप चालणारा प्रोग्रॅम, बहुधा 'सिस्टम'च्या, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या, पूर्ण अधिकारावर चालते! हजेरी टाकणाऱ्या पोरानं तिथली एक्झी (प्रोग्रॅम चालवणारी .exe फाइल) बदलली, की पुढच्या रीस्टार्टला अख्खा कॉम्प्युटर त्याचा. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमधल्या सिक्युरिटी टॅबमध्ये 'ऑथेंटिकेटेड युजर्स' (लॉगिन केलेले सगळे) किंवा 'एव्हरीवन'ला 'मॉडिफाय' दिसलं, तर ॲडव्हान्स्डमधून इनहेरिटन्स (वरच्या फोल्डरकडून आपोआप येणारे अधिकार) बंद करून त्यांचा तो अधिकार काढा. टॅलीच्या (हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या) बॅकअपचा फोल्डरही बघा राव. मूळ डेटाला कुलूप आणि कॉपी नेटवर्कवर सगळ्यांना खुली, हे आपल्याकडे सर्रास चालतं.